दोन जिने

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी लिफ्टमन कुठल्याही लिफ्टमध्ये शिरला की बटणांपाशीच उभा राहायचा. थोरल्या बहिणीला दवाखान्यात तपासायला आणायचा बेतही त्यानं ठरवून टाकला होता: दारातून व्हीलचेअर, मग लिफ्ट, मग बाकावर तासभर डोळे मिटून विश्रांती. ताई आत जायची ती टवटवीत.

आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

ताईला तीन दुखणी, तिन्ही तिच्याच शरीरानं स्वतःवर उलटून ओढवून घेतलेली. एकात पापण्या नि जबडा वापरला की थकत. दुसऱ्यात मांड्यांचे स्नायू सुजत. तिसऱ्यात पोटऱ्या आपोआप फडफडत, वळत. पहिल्यावरची गोळी तिसऱ्याला चिथवायची. ‘‘एकाची समजूत काढावी तर दुसरा रुसतो,’’ डॉक्टरीणबाई म्हणत. मागच्या खेपेला म्हणाल्या होत्या, ‘‘पापण्या छान आहेत. पुढच्या वेळी अशाच दिसल्या तर गोळी निम्मी करू.’’

घरी मात्र दिवस कलला की ताई हनुवटीखाली मूठ धरून घास चावायची. गोळी निम्मी झाली तर तोही गिळवणार नव्हता. पण सांगायला त्याची जीभ रेटेना. बाई विचारणार, इतके महिने काय करत होतात?

आज तो जिन्यापाशी थांबला.

‘‘ताई, चालत जाऊ या?’’

‘‘तीस वर्षं लोकांना वर पोचवलंस. आता माझा नंबर का रे?’’

‘‘दोनच जिने. जमेल तेवढंच. तू घरी कशी असतेस ते बाईंना दिसू दे.’’

ताई कठडा धरून निघाली. तो काखेत हात देऊन शेजारी. त्याचेही गुडघे कुरकुरत होते. दुसऱ्या जिन्यावर तिची डावी पापणी खाली आली, ती वर गेलीच नाही.

आत ताई बोलली ती नाकातून. बाईंनी पेन खाली ठेवलं.

‘‘काय झालं यांना?’’

‘‘रोज संध्याकाळी असंच होतं,’’ तो म्हणाला. ‘‘मीच विश्रांती देऊन आणायचो. चुकलं.’’

बाई रागावल्या नाहीत, तेच त्याला जड गेलं.

‘‘गोळी आहे तेवढीच राहू दे. पोटऱ्यांचं वेगळं बघू. आणि यांना नटवून आणू नका हो.’’

उतरताना वरची व्हीलचेअर मागून घेतली. तो लिफ्टच्या भिंतीला टेकून नुसता उभा राहिला.

‘‘बटण दाब की,’’ व्हीलचेअरमधून ताई म्हणाली. ‘‘म्हणे लिफ्टमन!’’