उलटा मनोरा

आमच्या घरात पंचांग नव्हतं. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ते गेलं, ते परत आलं नाही. बाबा म्हणायचे, "आपलं भविष्य पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांनी सांगितलं. तू शीक." मी शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागले. अशा घरातल्या मुलीच्या हाती भविष्य बघायची टॅरोची पानं आली ती मैत्रिणीमुळे.

येरवड्यात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. ती साताऱ्याकडच्या बागायतदारांची मुलगी. माझं इंग्रजी तिने सुधारलं, कंपनीत माझं नाव तिनेच सुचवलं, मुलाखतीला मी गेले तीसुद्धा तिचा ड्रेस घालून. मंदीत तिचा प्रोजेक्ट बंद पडला आणि ती बेंचवर आली. पगार चालू, काम नाही, आणि एचआरचं बोलावणं कधी येईल याची धास्ती. नोकरी गेली तर गावी परत यायचं आणि घरच्यांनी बघितलेल्या स्थळाला हो म्हणायचं, या बोलीवरच वडिलांनी तिला पुण्यात ठेवलं होतं.

एक दिवस तिने पत्त्यांहून लहान पानांचा जोड आणि एक पुस्तक माझ्यापुढे ठेवलं.

"ही पानं आपली आपण घ्यायची नसतात म्हणे, दुसऱ्याने द्यायची. तुझं पाठांतर चांगलंय. शीक आणि माझं बघ."

"अगं, माझा विश्वास नाही यावर."

"तुझा कशाला पाहिजे? माझा आहे की."

शिकण्याची मला एकच रीत माहीत होती, दहावीच्या अभ्यासाची. बसमध्ये पुस्तक झाकून अर्थ म्हणायचे, अडले की पुन्हा पहिल्यापासून. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्यांची पानं मांडायचे. पण भविष्य कुणालाच नको होतं. जो तो शेवटी विचारायचा, "मग उपाय काय?" पुस्तकात प्रत्येक पानाचा सुलटा अर्थ होता, उलटाही होता. उपाय एकाचाही नव्हता.

रविवारी संध्याकाळी तिने पानं पिसली आणि डाव्या हाताने एक ओढलं. मनोरा निघाला. शेंड्यावर वीज पडलेली, दोन माणसं डोकं खाली करून कोसळताहेत. मी पुस्तक चाळायला घेतलं.

"सांग की. पाठ नाही झालं का?"

"अचानक पडझड. ज्याचा आधार वाटतो तेच जातं."

"आणि उपाय?"

"यात उपाय नसतो गं."

"आमच्या गावचा गुरव निदान नारळ तरी सांगतो. तुझी पानं भलतीच चिक्कू."

आम्ही हसलो. मग तिने ते पान उलटं धरलं. "बघ, आता वर चढतायत." आणि तसंच उलटं, गळ्यातल्या आयकार्डाच्या कव्हरात मागून सरकवलं.

मंगळवारी दुपारी तिला खालच्या मजल्यावर बोलावलं. ती जागेवर परत आलीच नाही. तिचा डबा आणि पाण्याची बाटली मी घरी आणली, तेव्हा ती बॅग भरत होती.

"आयकार्ड घेतलं त्यांनी. मनोरा मी परत मागून घेतला. सिक्युरिटीवाला विचारतो, मॅडम, हे कुठल्या देवाचं?"

"इथंच राहा ना, दुसरी नोकरी मिळेपर्यंत. मी आहे."

"उद्या वडील जीप घेऊन येतायत."

"सांगितलंस कशाला त्यांना?"

"रोज फोन करून विचारतात, आहे का अजून. आज काय सांगू?"

तिच्याकडे ऊस होता, विहीर होती, दारात जीप होती. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. पण मला पुण्याला पाठवताना बाबांनी परत येण्याची बोली घातली नव्हती. ते केवढं होतं, हे जीप वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा मला कळलं.

लग्नानंतर तिचा फोन एकदाच आला. पाहुण्यांसारखं बोललो. मागून कुणीतरी तिला सारखी हाक मारत होतं. ठेवता ठेवता ती हळूच म्हणाली, "ते पान आहे अजून. कपाटात, साड्यांखाली."

"उलटंच ना?"

"काय माहीत. साड्या काढता-ठेवताना फिरतं गं ते."