कपाच्या बुडाचा हिरवा शिक्का

आईचा स्टीलचा डबा घासताना त्यावर कोरलेली अक्षरं बोटाला लागतात आणि मला परदेशातल्या डँडेनॉन्ग उपनगरातली आमची आयरिश घरमालकीण आठवते. नव्वदच्या दशकात आम्ही तिच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. तिच्याकडे सायीच्या रंगाचा एक पातळ कप होता, सोळाव्या वर्षी देश सोडून बोटीत चढताना तिच्या आईने तिच्या हातात दिलेला. ती आई तिला पुन्हा दिसली नाही, दुसऱ्या महायुद्धाआधीच वारली. एकदा कप विसळताना मी सवयीने उलटा केला, तर बुडाला कारखान्याचा हिरवा शिक्का. शिक्क्यावरून कपाचं वय कळतं म्हणून तिला खूश करायला मी लायब्ररीतून पुस्तक आणलं. त्यात काळा शिक्का जुना होता आणि हिरवा महायुद्धानंतरचा. मी मूर्खासारखं सांगून टाकलं. ती कपाकडे बघत राहिली. "मग आईने मला काय दिलं होतं?" "पुस्तक चुकलं असेल," मी म्हणाले. "पुस्तक कशाला चुकेल, लव्ह." त्यानंतर तिने त्या कपातून चहा घेतला नाही. हा डबा मी देश सोडून निघताना आईने मला विमानतळावर दिला, असं मी मुलीला सांगते. त्यावर नावाखाली तारीखही आहे. ती मी वाचत नाही.