बेड सातचा चहा

ईरा, नील,

तुमच्या शाळेचा, आजी-आजोबांनी भरायचा फॉर्म मिळाला. ‘तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात? शून्य ते दहा.’ तुमच्या डेन्मार्कच्या इंगाआजींनी लगेच नऊ लिहिले, असं ईरा म्हणाली. मला हेवा वाटला. असा हेवा मी पूर्वी एकदा केला आहे, म्हणून आधी ते सांगते.

आर्मीच्या नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट झाले आणि मनमाडहून गाडीत बसले. पोस्टिंग ईशान्येकडच्या एका डोंगरी हॉस्पिटलमध्ये, सर्जिकल वॉर्ड, बेड वीस. सहा, दहा, दोन वाजता राऊंड. मी प्रत्येकाला विचारायचे, “कसं वाटतंय?” आणि उत्तर चार्टवर लिहायचे.

माझ्याबरोबर केरळची लेफ्टनंट अन्नम्मा होती. ती आली की वॉर्ड हसायचा. तिला सगळे ‘दीदी’ म्हणत, मला ‘मॅडम’. माझे चार्ट तिच्यापेक्षा नीटनेटके होते. ते कुणी बघत नसे.

बेड तीनवर कोल्हापूरचे हवालदार होते. इंजेक्शन दिसलं की “आई गं, मेलो!” म्हणून वॉर्ड डोक्यावर घेत. बेड सातवर रायफलमन हर्कबहादूर, वय बावीस, नेपाळचा. ट्रक उलटून पोटाला मार लागला होता. पहिले दोन दिवस सगळं ठीक होतं. तो पडल्या पडल्या मला सॅल्यूट करायचा. अन्नम्मासाठी मात्र अर्धं बिस्किट ठेवायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला अन्नम्माने ड्यूटी संपवून मला हॅंडओव्हर दिला.

“सातने चहा घेतला नाही. लक्ष ठेव. दर अर्ध्या तासाला पल्स.”

“त्याला विचारते.”

“विचारू नकोस, बघ. नाशिकची बाई, तू नुसते फॉर्म भरतेस.”

बेड तीन खो खो हसले. मला ते लागलं.

मी बेड सातपाशी गेले. “हर्कबहादूर, कसा आहेस?”

“ठीक हूँ, मॅडम.”

मी पल्स पाहिली नाही. तिचं ऐकायचं नव्हतं, एवढंच कारण. चार्टवर लिहिलं, ‘कम्फर्टेबल’.

तीन चाळीसला त्याच्या कपाळावर घाम दिसला. पल्स एकशे चाळीस, बीपी लागेना. सर्जनना फोन केला. “पोटात रक्तस्राव. ऑपरेशन थिएटर तयार करा. ताबडतोब!” स्ट्रेचर ढकलताना मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, “ठीक हूँ.” चार वीसला तो ऑपरेशन टेबलावरच गेला.

नंतर अन्नम्मा एकदाच म्हणाली, “त्याच्या गावात दुखतंय म्हणणं कमीपणाचं असतं. त्यानेच सांगितलं होतं.” मला नव्हतं सांगितलं. तिचा हेवा मला आजही वाटतो.

इंगाआजींचे नऊ खरेच असतील. त्यांच्याकडे मनातलं सरळ सांगतात. आमच्या घरात स्वतःला नऊ देणं म्हणजे मिरवणं, आणि चार म्हटलं तर मुलांना घोर. म्हणून तुम्ही कॉलवर विचारता तेव्हा मीही ‘ठीक’ म्हणते.

रकाना मी रिकामा ठेवला आहे. रविवारी कॉल कराल तेव्हा मला विचारू नका, माझ्यासमोरचा चहाचा कप बघा. हर्कबहादूरचा काठोकाठ भरलेला होता, वर साय धरली होती. त्या दुपारी ‘कम्फर्टेबल’ लिहून तो मीच उचलून नेला.

— आजी