गाण्यात नसलेला आवाज

कॉलेजात असताना नांदेडच्या खोलीवर, एका स्पीकरचा टेप उशीजवळ ठेवून मी एक इंग्रजी रॉक अल्बम फीत गुंतेपर्यंत ऐकला. निम्मे शब्द कळत नव्हते, पण ड्रम कुठे थांबतो, गिटार कुठे चढते, सगळं तोंडपाठ. पन्नाशी गाठल्यावर तोच अल्बम नव्यानं मिक्स होऊन आला, आवाज चहूबाजूंनी येणार म्हणे. मग लातूरच्या घरात पाच स्पीकर आणि खर्जाच्या घुमाऱ्यासाठी एक वूफर बसवला. हौसेला मोल नसतं.

आई आतल्या खोलीत दुपारची पडली होती. औशाकडचं तिचं माहेरचं घर भूकंपात बसलं, त्यात माहेरपणाला आलेली तिची धाकटी बहीण गेली. तेव्हापासून आईच्या उशाशी चप्पल असते आणि ती दाराला कडी लावू देत नाही. रस्त्यानं ट्रक गेला तरी ही अंगणात. मी चिडवायचो, दुधानं तोंड पोळलंय म्हणून ताकही फुंकून पितेस.

गाणं सुरू झालं. पाठीमागून कुणी गुणगुणलं आणि मी खरोखर वळून पाहिलं. इतक्या वर्षांत हा आवाज मला माहीतच नव्हता. मग मधला शांत भाग आला, नुसता पियानो, आणि त्याच्या खालून एक गुरगुर उठली. पायांतून पोटात गेली. स्वयंपाकघरातल्या ताटांनीही साथ दिली. वा, म्हटलं, मिक्स करणाऱ्यानं कमाल केली.

तेवढ्यात आईची हाक आली. ती अंगणात उभी होती, चप्पल न घालता.

"बाहेर ये. खालनं आवाज आला."

"आई, माझा वूफर हाय तो. चल आत, लई ऊन हाय."

"मग परत लाव. मला ऐकू दे."

ती माझ्याशेजारी बसली, दाराकडे तोंड करून. मी गाणं मागे नेलं. गुणगुणणं आलं, पियानो आला. गुरगुर आली नाही. आवाज वाढवला, पुन्हा मागे नेलं. नुसता पियानो, स्वच्छ. ताटं गप्प. मी रिमोट खाली ठेवला. मघाशी ज्या छताखाली डोळे मिटून दाद देत होतो, त्याच्याकडे आता वर पाहवेना.

"न्हाई ना त्यात?" आईनं विचारलं.

"न्हाई."

तिनं मेन स्विच बंद केला, माझं मनगट धरलं आणि मला बाहेर ओढलं. शेजारचेही आपापल्या गेटाशी येऊन उभे होते. आम्ही दोघं भिंतीपासून लांब, उन्हात उभे राहिलो.

"तुझ्या गाण्यात असता तर लई बरं झालं असतं रं," ती म्हणाली.