भिंगकाका जागा पास करतात

भिंगकाकांना हे नाव त्यांच्या कामामुळे पडले. सगळी नोकरी त्यांनी कापड गिरणीच्या तपासणी खात्यात काढली. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत जायचे, काका डोळ्याला भिंग लावून उभे असायचे, आणि सुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की तिथे लाल खडूने खूण करायचे. एखादे ठाण बिनखुणेचे निघाले तर ते अस्वस्थ व्हायचे. निर्दोष माल असा काही नसतोच, तपासनीस डुलकी काढत होता एवढाच त्याचा अर्थ, असे त्यांचे ठाम मत होते.

निवृत्तीनंतर भिंग कपाटात गेले, पण नजर कुठे ठेवणार? कोपऱ्यावरचा कापड दुकानदार त्यांना लांबून येताना पाहिले की जेवणाची सुट्टी जाहीर करतो, मग सकाळचे दहा का वाजले असेनात. काकू म्हणतात, "यांना चंद्र दाखवला तर डागाला खूण करायला शिडी मागतील." हे काका स्वतःच सगळ्यांना सांगतात, आणि पदरची भर घालून सांगतात. स्वतःची टिंगल करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पुढची हकीकतही त्यांच्याच तोंडची, तेव्हा तीत ते मूर्ख ठरले तर त्याबद्दल त्यांची तक्रार नसावी.

काकांना एकच थोरली बहीण. ताईने लग्न केले नाही. मुलींचे वसतिगृह सांभाळण्यात तिचे आयुष्य गेले, आणि आईवडील लवकर गेल्यावर या धाकट्याला सांभाळण्यातही. म्हातारपणी ती काकांच्या शेजारच्या इमारतीत दोन खोल्यांत राहत होती. तिचे दुखणे हाडांत उतरले, तेव्हा डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले, की आता हे बरे होणार नाही, पण दुखू न देणे आपल्या हातात आहे. त्यासाठी हॉस्पिसमध्ये ठेवा. तिथे शेवटच्या आजारातल्या माणसांचीच शुश्रूषा करतात, चोवीस तास परिचारिका असतात. घरच्या गोळ्यांनी आता भागायचे नाही.

ताई हे ऐकून घाबरली नाही. म्हणाली, "ठीक आहे. पण मी वसतिगृह चालवलंय. साहेब तपासणीला यायचे त्या दिवशी चादरी कशा पांढऱ्याशुभ्र असतात, ते मला विचार. जागा तूच बघ, धाकट्या. तू पास केलीस की मी निघते."

झाले. काकांच्या अंगात पुन्हा गिरणी संचारली.

पहिली जागा त्यांनी नापास केली ते रास्तच होते. दारात कारंजे, ताजी फुले, मंद संगीत. काकांनी कोणाचे लक्ष नाही असे पाहून खोलीतल्या टेबलाच्या पायाला आतल्या बाजूने खडूची बारीक खूण केली. काही दिवसांनी जाऊन पाहिले तर खूण जशीच्या तशी, म्हणजे तिथे फडके फिरलेच नव्हते. शिवाय एका आजीबाईंचा पाण्याचा पेला त्यांचा हात पोचणार नाही इतका लांब ठेवलेला. एकूण काय, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. काका विजयी मुद्रेने घरी आले.

दुसरी जागा त्यांनी मार्गिकेतले घड्याळ मागे आहे म्हणून नापास केली. हे सांगताना काकांचा आवाज थोडा खाली येतो. "आता मला सांगा," ते म्हणतात, "तिथल्या माणसांना कुठली गाडी पकडायची होती?"

तिसरी जागा साधी, बसक्या बांधणीची, मागे कपडे वाळत घातलेले. तिथली खडूची खूण दुसऱ्या भेटीत पुसलेली होती. सूप गरम होते. उशा पातळ नव्हत्या. काकांनी अख्खी दुपार शोधले आणि अखेर पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खुर्च्या कुरकुरतात हा दोष काढला. तो घेऊन ते ताईकडे आले.

ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. काकू तिच्या पाठीशी गरम पाण्याची पिशवी धरून बसल्या होत्या.

"कुरकुरतात?" काकूंनी विचारले.

"फार कुरकुरतात."

काकू उठल्या, काकांना दंडाला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि दार लोटले. "अहो, त्यांना आता कुशीवर वळतासुद्धा येत नाही. ओठ चावून पडून असतात, तुम्ही आलात की तेवढं हसतात. आणि तुम्ही खुर्च्यांचं काय घेऊन बसलाय?"

"मी तिला कुठंही टाकू का मग?"

"कुठंही नको. पण तुम्हाला जागा शोधायचीच नाहीये. एकही जागा पास झाली नाही तर ताईंना जावं लागणार नाही, असं वाटतंय तुम्हाला."

काका म्हणाले की हे साफ चूक आहे. मग त्यांनी ओट्यावरची बशी उचलली आणि तिच्या काठाला टवका गेलाय का ते पाहू लागले. काकूंनी बशी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा त्या तिसऱ्या जागी गेले. मनात ठरवले होते की आज गादी तपासायची आणि सोक्षमोक्ष लावायचा. ताकाला जाऊन भांडे लपवण्याची त्यांची जुनी सवय होतीच. एका नातेवाइकाला भेटायला आलोय, असे दारावर सांगून ते आत घुसले. मार्गिकेच्या टोकाला एक खोली उघडी होती. पलंगावर नुकतीच घातलेली स्वच्छ चादर, खोलीत कोणी नाही. काकांनी बूट काढून पलंगाखाली सरकवले. गादी हाताने दाबून कळत नाही, तिच्यावर आडवे व्हावे लागते, हे कुठलाही तपासनीस सांगेल. ते आडवे झाले. कंबर बुडते का ते पाहण्यासाठी त्यांनी डोळे मिटले.

गेल्या कित्येक रात्री ते ताईच्या उशाशी जागत होते. गादी उत्तम होती. पुढचे त्यांना काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा अंगावर पांघरूण होते. गुडघ्यांखाली कोणीतरी उशी सरकवली होती, डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून पडदा अर्धा ओढला होता, आणि एक आडव्या बांध्याच्या, पिकत्या केसांच्या सिस्टर त्यांचे पाय कोमट पाण्याच्या फडक्याने पुसत होत्या. त्या खोलीत त्या दुपारी एक नवे पेशंट यायचे होते. सिस्टरांनी पलंगावर पांढऱ्या केसांचे, गाल बसलेले गृहस्थ गाढ झोपलेले पाहिले आणि ते आले असे धरून कामाला लागल्या.

"जागे झालात, बाबा? सावकाश. कुठं दुखतंय?"

कोणीही शहाणा माणूस इथे उठून बसला असता आणि माफी मागून निघाला असता. काकांना वाटले, अशी संधी पुन्हा यायची नाही. तपासनिसाने आपण तपासनीस आहोत हे सांगायचे नसते.

"गुडघा," ते क्षीण आवाजात म्हणाले. त्यांचा गुडघा ठणठणीत होता.

सिस्टरांनी गुडघा दोन्ही हातांत घेतला, हळूच दाबून पाहिला, उशी थोडी वर सरकवली. "आणि?"

"पाठ."

त्यांनी पाठीखाली हात घालून पाहिले. "हं. आणि?"

"मान. जरा मान."

"आणि?"

काका सांगतात की तिथे त्यांचा माल संपला. त्या बाईंना कसली घाई नव्हती. फडके पिळून त्यांनी वाडग्याच्या काठावर ठेवले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत थांबल्या. भिंगाशिवाय कोणी इतके लक्षपूर्वक बघते हे काकांनी पहिल्यांदाच पाहिले. त्यांनी आणखी एखादा खोटा अवयव शोधायचा प्रयत्न केला.

"माझी ताई चाललीय," ते म्हणाले, आणि रडू लागले. हुंदके देऊन, नाक ओढत, परक्या पलंगावर, पायात मोजे नसताना. सिस्टर गोंधळल्या नसाव्यात. त्यांनी काकांचा पाय सोडला नाही. "रडा, रडा," एवढेच म्हणाल्या, आणि फडके पुन्हा कोमट पाण्यात बुडवले.

नेमके त्याच वेळी दारात स्ट्रेचर आले. स्ट्रेचरवर खरे पेशंट, मागे त्यांची सून, आणि सर्वांत मागे या जागेच्या प्रमुख, मोठ्या सिस्टर.

"हे कोण?" सुनेने विचारले.

काका पलंगावरून उतरले. मोजे सापडेनात. बूट पलंगाखाली इतके लांब गेलेले की ते काढायला त्यांना जमिनीवर पालथे पडावे लागले. स्ट्रेचरवरचे आजोबा मान वळवून हे सगळे मोठ्या आवडीने बघत होते. "सावकाश होऊ द्या," ते म्हणाले, "मला घाई नाही."

मार्गिकेत आल्यावर मोठ्या सिस्टरांनी काकांना नीट न्याहाळले. "टेबलाच्या पायाला खडू लावणारे तुम्हीच ना? मला वाटलं, कोणाबरोबर लहान मूल आलं होतं."

काकांनी मग सगळे सांगून टाकले. गिरणी, भिंग, कारंजे, घड्याळ, खुर्च्या. त्यांना वाटले, बाई हसतील किंवा हाकलून देतील. बाईंनी विचारले, "तुमची बहीण आत्ता कुठं आहे?"

"घरी."

"दुखतंय त्यांना?"

"हो. फार."

"मग तुम्ही इथं काय करताय?"

काका म्हणतात, गिरणीत साहेबांनी भर सभेत त्यांची खरडपट्टी काढली होती, पण इतके वर्मी काही लागले नव्हते. बाईंनी ते अगदी सरळ विचारले होते. "गाडी आज पाठवू की उद्या सकाळी?" हाही प्रश्न त्यांनी त्याच सुरात विचारला.

"आज," काका म्हणाले.

दिवेलागणीपर्यंत ताई त्या जागी आली. आडव्या बांध्याच्या सिस्टरांनी काकांना ओळखले, पण ओळख दाखवली नाही. त्यांनी ताईलाही विचारले, कुठं दुखतंय, आणि मग आणि, आणि करत सगळे काढून घेतले. डॉक्टर आले, इंजेक्शन दिले. थोड्या वेळाने ताईच्या कपाळावरची आठी सैल झाली. ती आठी इतके दिवस तिथे होती की काकांना तो तिचा चेहराच वाटू लागला होता. ती सरळ, उताणी झोपली. डॉक्टर जाता जाता सहज म्हणाले, "आधी आणायला हवं होतं. हा त्रास कधीच कमी करता आला असता."

काका खुर्चीत बसून राहिले. एरवी जगातली प्रत्येक चूक त्यांना दिसायची, आणि ही एवढी मोठी चूक त्यांनी स्वतः रोज थोडी थोडी करत नेली होती. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, असे लोक उगाच म्हणत नाहीत.

सकाळी ताई जागी झाली. खिडकीतून ऊन आत आले होते, काकू चहा आणायला गेल्या होत्या. ताईने हात लांब केला, मग पाय हलवून पाहिला, आणि लहान मुलीसारखी आश्चर्याने काकांकडे बघत राहिली.

"ताई," काका म्हणाले, "मी उशीर केला."

त्यांना वाटले होते, ती नाही म्हणेल. तिने लहानपणापासून त्यांचे सगळेच अपराध पोटात घातले होते.

"केलास," ताई म्हणाली. "फार दुखत होतं रे मला."

ताईने त्यांचा हात ओढून आपल्या हातात घेतला. कितीतरी वेळ ती त्यांच्या बोटांवरून अंगठा फिरवत राहिली.

"मला कळत होतं तू असं का करतोयस," ती म्हणाली. "म्हणून गप्प बसले. तुझंही दुखत होतं ना." मग डोळे मिटूनच म्हणाली, "असा तोंड पाडून बसू नकोस. मला हसायचंय. इथं काय काय वाईट आहे ते सांग बघू."

काकांनी खोलीभर नजर फिरवली. भिंती स्वच्छ, पाण्याचा पेला हाताशी, पडदा सरळ, चादरीवर सुरकुती नाही. खुर्चीसुद्धा आता कुरकुरत नव्हती. कोणीतरी तिला तेल दिले होते.

"छत तिरकं आहे," काका म्हणाले.

छत अगदी सरळ होते. आयुष्यात त्यांनी चांगल्या मालावर खोटी खूण कधी केली नव्हती.

ताईच्या ओठांचा कोपरा हलला. "हं. आणि?"

"चहा पाण्यासारखा लागतो. आणि त्या मोठ्या सिस्टर मिशी ठेवतात."

ताई हसली. आवाज फुटला नाही, पण खांदे हलले, आणि हलताना दुखले नाहीत. "आणि?"

काका सांगत राहिले. दारांना एकेक बिजागरी जादा आहे, माळी झाडांना ओरडतो, मांजर पेशंटांचं सूप आधी चाखून बघतं. तिच्या हाताची पकड सैल झाली आणि श्वास झोपेचा झाला, तरी ते थांबले नाहीत. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा ते हळू आवाजात त्या देखण्या खोलीच्या एकेका भिंतीला नावे ठेवत होते, आणि डोळे पुसत होते. काकूंनी चहा खाली ठेवला आणि त्यांना अडवले नाही.