उशिरा आलेल्याची पहिली पाळी

हिलाल आबांचा रक्तदाब तसा ताब्यात होता. गोळ्या महिन्याच्या एकदम आणल्या असत्या तरी चाललं असतं. पण जळगावच्या पिंप्राळ्यात, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मयुरीच्या मेडिकलमधून आबा त्या सातच घ्यायचे. सात संपल्या की पुन्हा जायला कारण मिळायचं. गिऱ्हाईक नसलं तर मयुरी दोन शब्द बोलायची. लेक दिपमाला सुरतेला, तिचा फोन बुधवारी. बायको सुमनबाईंना जाऊन चार वर्षं झालेली. आठवड्याचं बोलणं म्हणजे एवढंच.

एकतीस वर्षं आबा एसटीत होते. त्यातली बरीचशी धुळ्याच्या स्टँडवर, वाहतूक नियंत्रकाच्या काचेआड गेली. कोणती गाडी कुठल्या फलाटावर, कोणती सुटणार, कोणती रद्द, हे भोंग्यावरून सांगायचं. त्या आवाजावर अर्धा जिल्हा पिशव्या उचलून धावायचा. पण तो आवाज गाड्यांचा होता. स्वतःचं म्हणून काही बोलायची वेळ आली की आबा वेळापत्रकात डोकं घालायचे.

आणि एक खोड होती. परक्या माणसासाठी ते नियम थोडा वाकवायचे, आपल्या माणसासाठी कधीच नाही. एकदा सकाळी कडेवर पोर घेतलेल्या एका अनोळखी बाईसाठी त्यांनी गाडी चार मिनिटं थांबवली. त्याच दुपारी सुमनबाई माहेरी पारोळ्याला निघाल्या होत्या. हातात दोन पिशव्या, गाडी पंधरा पावलांवर. आबांनी काचेतून त्यांना येताना पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि गाडी सोडायला सांगितली. पुढची गाडी दीड तासानं. सुमनबाई तेवढा वेळ बाकावर बसून राहिल्या, काचेकडे एकदाही न बघता. रात्री जेवायला वाढताना म्हणाल्या, "तुमनं घड्याळ बठ्ठासकरता मांगे, मनाकरताच पुढे."

सगळ्यांसाठी मागे, बायकोसाठी तेवढं पुढे, यात आबांना वावगं दिसलं नाही. त्यांना वाटलं होतं, आपण बरोबर केलं. पुढेही बरीच वर्षं वाटत राहिलं.

मागच्या श्रावणात मयुरी गोळ्या देता देता म्हणाली, "आबा, रविवारी दुपारी काय करता?"

रविवारी दुपारी आबा काय करायचे? पंखा लावायचे, पंखा बंद करायचे. "काही विशेष नाही," ते म्हणाले.

"मग या ना कुंदनच्या गोडाऊनला. आम्ही एक खेळ खेळतो. आमचा एक जण नाशिकला गेला, खुर्ची रिकामी आहे."

आबांना वाटलं पत्ते असतील. कुंदनचं दुकान ठिबकच्या नळ्यांचं. मागच्या गोडाऊनमध्ये काळ्या नळ्यांची बंडलं छतापर्यंत रचलेली, मध्ये एक टेबल आणि टेबलावर फासे. साधे सहा बाजूंचे तर होतेच, पण वीस बाजूंचाही एक होता. तंत्रनिकेतनात शिकवणारे जितेंद्र सर या खेळाचे सूत्रधार. ते गोष्ट सांगत. बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं. माणूस काय करतो ते आपण सांगायचं, ते जमलं की फसलं ते फासा सांगायचा. प्रत्येकाच्या माणसाचं एक पत्रक असायचं: त्याचं बळ किती, जीव किती, अंगात कसब कोणतं.

आबांच्या वाट्याला टेहळ्या आला, म्हणजे आडून बघून येणारा. नाव विचारलं तेव्हा आबांना काही सुचेना. शेवटी पिंपळनेरच्या गाडीवरचा एक जुना ड्रायव्हर आठवला आणि त्यांनी पत्रकावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, पुना.

पहिले तीन रविवार पुना फक्त "मी पण येतो" एवढंच म्हणाला. चौथ्या रविवारी त्यानं दरीच्या तोंडाशी थांबून सांगितलं, "इथून जाऊ नका, पक्षी गप्प आहेत." टेबलाशी सगळे एकदम आबांकडे बघायला लागले. कुंदन म्हणाला, "आरे बापरे! आबा तं बोलनात!" तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी आबा स्वतःच्या हातानं शर्टाला इस्त्री करू लागले.

या टेबलाचा एक नियम होता. गोष्ट तिघांच्या वर गेली की विस्कटते, असं जितेंद्र सरांचं म्हणणं. म्हणून खेळणारे तीनच: मयुरी, कुंदन आणि आबा. ज्याचा माणूस मेला त्यानं खुर्चीवरून उठायचं आणि वाट बघणाऱ्याला बसू द्यायचं. वाट बघणारा होता प्रेमराज. मोबाइल दुरुस्तीचं दुकान बंद करून तो दर रविवारी यायचा आणि नळ्यांच्या बंडलावर बसून नुसता खेळ बघायचा. तीन महिने झाले होते.

होळीनंतरच्या रविवारी आबांना धुळ्याला जावं लागलं. जुने सोबती गिरधर वारले होते, त्यांच्या दारावर. मृताच्या घरी भेटायला गेलं की बसायचं असतं, आणि सगळे उठल्याशिवाय एकट्यानं उठायचं नसतं. निघताना "येतो" असंही म्हणायचं नसतं. आबा सतरंजीवर बसून राहिले. बाराची गाडी गेली, एकची गेली. ते जळगावात पोहोचले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. घरी न जाता रिक्षानं थेट गोडाऊन गाठलं.

"कोठे गयथात आबा?" कुंदन ओरडला. "आठे मारामारी चालू शे!"

आबा यायचे होते म्हणून इतरांनी पुनाला नदीच्या उतारापाशी घोड्यांजवळ ठेवलं होतं. पुढे घाटात लुटारूंशी गाठ पडली. दोन फेऱ्या होऊन गेल्या होत्या, म्हणजे प्रत्येकाची दोनदा पाळी येऊन गेलेली. कुंदनचा पहिलवान घायाळ होऊन जमिनीवर पडला होता, मेला मात्र नव्हता. मयुरीचा तिरंदाज एका पायानं लंगडत होता. लुटारूंचा म्होरक्या मात्र उभा होता, त्याचे चौदा जीव शिल्लक.

"पुना आवाज ऐकून पळत आला," जितेंद्र सर म्हणाले. "तिसरी फेरी. आबा, तुमची पाळी."

आबा धापा टाकत बसले. चष्मा पुसून त्यांनी पत्रक समोर घेतलं. पुनाच्या कसबापुढे एकच ओळ होती: लढाईतल्या पहिल्या पाळीत एकाऐवजी दोन वार.

"दोन वार आहेत!" मयुरी टेबलावर हात आपटून म्हणाली. "आबा, दोन मारा. संपला म्होरक्या."

"दोन कसा?" कुंदन म्हणाला. "तिसरी फेरी चालू शे. पहिली कव्हयच गयी."

"तुझी गेली. त्यांची कुठे गेली? ते आत्ता आलेत."

"आसं व्हयनं तं मी बी पुढना टाइमले आर्धा तास चहा पिसू, मंग येसू."

"तू असाही अर्धा तास चहाच पितोस."

प्रेमराज बंडलावरून हसला आणि लगेच त्यानं तोंडावर हात ठेवला. हसावं की नाही, त्याला कळेना.

जितेंद्र सरांनी नियमांचं पुस्तक उघडलं. मागे-पुढे बरीच पानं चाळली. पुस्तकातही तेवढीच ओळ. उशिरा येणाऱ्याचं काय, ते लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसावं. सरांनी पुस्तक मिटलं.

"मला दोन्हीकडून पटतंय," ते म्हणाले. "आबा, पत्रक तुमचं आहे. तुम्ही सांगाल ते धरू."

 एका वारानं जास्तीत जास्त दहा जीव जायचे, म्होरक्याचे होते चौदा. पुनाचे स्वतःचे उरले होते सहा. दोन वार मिळाले तर पुना वाचण्याची आशा होती. एकच मिळाला तर पुढची पाळी म्होरक्याची. आणि पुना मेला की रविवार गेला. हे आबांना कळत होतं, टेबलाशी सगळ्यांनाच कळत होतं.

आबांना उत्तर माहीत होतं, ही खरी गोष्ट. डेपोतली सकाळी सहाची गाडी बिघाडामुळे आठला सुटली, तरी तिची ती पहिलीच खेप लिहायचे. बाकीच्यांच्या दोन झाल्या असोत, तिची पहिलीच. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते ओठांवर आलं. तेवढ्यात त्यांची नजर प्रेमराजकडे गेली. तो गुडघ्यांवर हात ठेवून मान खाली घालून बसला होता, आपण बघितलं तर आबांवर दडपण येईल म्हणून.

"नको," आबा म्हणाले. "पहिली गेली. एकच वार."

"आबा!" मयुरी म्हणाली.

"एकच."

फासा सतरा पडला. वार लागला, आठ जीव गेले. म्होरक्याचे उरले सहा. मग सरांनी म्होरक्याचा फासा टाकला आणि पडलेल्या आकड्याकडे उगाचच जास्त वेळ बघत राहिले.

"नऊ," ते म्हणाले.

पुना घाटातल्या दगडावर मरून पडला. त्यानंतर मयुरीनं एकाच बाणात म्होरक्याला संपवलं, पण कुणी टाळी वाजवली नाही.

आबा उठले. कुंदन घाईनं म्हणाला, "बसा हो आबा, मी आपला बोलायचं म्हणून बोललो. आमना माणूस आमले जड शे का?"

"नियम आहे," आबा म्हणाले. पत्रकाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवलं आणि खुर्ची प्रेमराजकडे थोडी सरकवली. आणि सवयीनं, दुपारी ज्या घरून आले होते तिथल्यासारखंच, "येतो" न म्हणता निघाले.

पुढचा रविवार लांब गेला. शर्ट इस्त्री करून ठेवलेला होता, हात आपसूक तिकडे गेले होते. तीन वाजता आबांनी तो घातला आणि साडेतीनला काढून ठेवला. चार वाजता त्यांना वाटलं, आता फासे पडत असतील. गल्लीत एक भंगारवाला ओरडत गेला. त्याला द्यायला घरात काही आहे का, हे आबांनी उठून बघितलंसुद्धा. तेवढीच दोन मिनिटं.

मग ते वही घेऊन बसले. लिहायची सवय नव्हती. एक ओळ लिहायची, खोडायची. गुरुवारपर्यंत एक पान झालं. त्यात असं लिहिलं होतं की, पहिली पाळी म्हणजे ज्याची त्याची पहिली पाळी. शत्रू दोन माणसांवर नजर ठेवून असतो, तिसरा आत्ता आला. त्याच्यापुरता शत्रू बेसावधच आहे, म्हणून त्या माणसाला दोन वार द्यावेत. मात्र जो आधीपासून मैदानात होता आणि नुसता गप्प उभा राहिला, त्याला नंतर ही सवलत मागता येणार नाही. एकदा पळून जाऊन त्याच लढाईत परत आलेल्यालाही नाही. गेल्या खेपेला मी चूक सांगितलं. खाली आणखी एक ओळ होती: हे मागच्या लढाईला लावू नये.

गुरुवारी गोळ्या घ्यायला गेले तेव्हा त्यांनी ते पान मयुरीसमोर ठेवलं. "सरांना द्या. वाटलं तर वाचतील."

मयुरीनं तिथंच वाचलं. "हे त्या दिवशी का नाही बोललात?"

"माझाच फायदा होता त्यात."

"मग? फायदा असला म्हणून खोटं होतं का? आणि ही शेवटची ओळ कशाला? ही खोडा. पुना परत येईल."

"खोडू नका," आबा म्हणाले. "ती खोडली तर सगळं पान माझ्यासाठीच लिहिलं असं होईल."

मयुरी काहीतरी बोलणार होती, पण दुकानात गिऱ्हाईक आलं. तिनं सात गोळ्या कापून दिल्या.

रविवारी दिवेलागणीला आबांच्या फाटकाशी स्कूटर थांबली. मयुरी उतरली नाही, हेल्मेट फक्त वर सरकवलं.

"आबा, सरांनी पान मोठ्यानं वाचलं. सगळ्यांना पटलं. पुस्तकात चिकटवलंय."

"शेवटची ओळ?"

"तीसुद्धा वाचली. कुंदन म्हणाला काढा, सर म्हणाले आबांनी लिहिलंय तसंच राहील." तिनं स्कूटरचा आरसा सरळ केला. "आणि आजच लागू पडलं. प्रेमराजला दुकानात उशीर झाला. आला तेव्हा लढाई निम्मी झालेली. त्याच्या माणसाचे चारच जीव होते, समोर दोन तरस. एक वार मिळाला असता तर गेलाच होता तो."

"मग?"

"मग काय, तुमच्या नियमानं दोन मिळाले. दोन्ही तरस आडवे. प्रेमराज खुर्चीवरून उठून नाचला." मयुरीनं हँडलवरची धूळ बोटानं पुसली. "आबा, तो गेला असता तर त्याच्या जागी तुमचाच नंबर होता. यादीत दुसरं कुणी नाही."

"माहीत आहे."

"आता दिवाळीपर्यंत ही गोष्ट चालेल, सर म्हणत होते."

"चालू दे. चांगली गोष्ट आहे."

मयुरीनं स्कूटर चालू केली. दुकान उघडायचं होतं. आबा फाटकाच्या कडीला धरून उभे होते.

"मयुरी," ते म्हणाले, आणि तिनं स्कूटर पुन्हा बंद केली. "दुसऱ्या वाराला फासा किती पडला?"

"अठरा."

"आणि पहिल्याला?"

"पहिल्याला... बारा असावा. नक्की लक्षात नाही."

"विचारून ठेवा," आबा म्हणाले. "मी गुरुवारी येतोच आहे."