नैवेद्याच्या आधी

“मास्टरसाब, शक्कर की बीमारी है. अब रोज सुई लेना पडता,” अफझलगंजच्या दवाखान्यात डॉक्टर ह्यांना म्हणाले. लघवी घालून उकळल्यावर नळीतलं निळं औषध विटकरी झालं होतं. ह्यांची तिशीही उलटली नव्हती. मी तिथंच रडायला लागले.

तहान भागत नव्हती, सदरा अंगावर लोंबत होता, त्याचं कारण हे निघालं. डायबिटीस, म्हणजे मधुमेह. रक्तात साचलेली साखर इन्सुलिनची सुई उतरवते. “मगर सुई लिए तो खाना खानाच है,” डॉक्टर बजावत होते. “पसीना छूटा तो पैले पूछो, खाए क्या?” मी आपली “हौ, हौ” करत राहिले. डोक्यात एवढंच बसलं, की साखर म्हणजे विष. घरी येताच साखर-गुळाचे डबे शेजारी देऊन टाकले.

मग अठ्ठेचाळीस साली निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनचे दिवस आले. औषधं मिळेनात. इन्सुलिनची कुपी मी ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात जिवापाड जपत होते. मलकपेठेतल्या आमच्या गल्लीत सगळी दारं बंद, आणि घरात गणपती बसलेले.

ह्यांनी नेहमीच्या वेळेला सुई घेतली. पण आमच्याकडे गुरुजींनी पूजा केल्याशिवाय नैवेद्य नाही, आणि नैवेद्याआधी कुणाच्या तोंडात शीत जायचं नाही. गुरुजी अंबरपेठेत राहायचे. त्या दिवशी कसले येतायत! पण सासूबाई म्हणाल्या, “येतील गं, थांबू जरा.”

आम्ही थांबलो. ह्यांचे हात कापायला लागले. वर्गात असल्यासारखे भिंतीकडे बघून ओरडले, “मागच्या बाकावरचा, उभा राहा!”

“साखर चढली गं त्याची! दे, अजून एक सुई दे!” सासूबाई रडत म्हणाल्या.

मी सुई भरली. दंड धरला, तर बाही घामानं चिंब. घाम! सकाळपासून पोटात काही नाही! हातातली सुई मी खाली टाकली.

साखर चढली नव्हती, उतरली होती. ह्याला हायपोग्लायसेमिया म्हणतात, हे पुढे कळलं. आता गोड आणू कुठून? घरात खडा नाही! पंचामृतासाठी काढलेली मधाची वाटी तेवढी देवापुढे होती. मी ती उचलली.

“अगं, देवाला अजून दाखवलं नाही!”

“देव थांबेल हो, हे थांबायचे नाहीत!” सासूबाईंवर मी पहिल्यांदाच आवाज चढवला. बोटानं मध ह्यांच्या गालाच्या आत चोळत राहिले. काही होईना. पुन्हा चोळला. किती वेळ गेला कोण जाणे! मग ओठ हलले.

“गुरुजी आले का?” ह्यांनी विचारलं.

सासूबाई आत गेल्या आणि वरणभाताचं ताट घेऊन आल्या.

तुमच्या घरी सुई सुरू झाली असेल तर एवढं ऐका. सुईनंतर जेवण लांबवू नका, मग सण असो की पाहुणे. आणि घरातलं गोड सगळं हाकलून देऊ नका बाई, माझ्यासारखं. ह्यांच्या खिशात पुढे कायम गूळ असायचा, आणि ह्यांनी नातवंडंही पाहिली.

सासूबाई होत्या तोवर गणपतीत पहिलं पान मुलाचं वाढायच्या. तो जेवून उठला, की पदर खोचून देवाकडे वळायच्या.

“चल बाबा, आता तुझं.”